जर्मन की पोलाद

दारूखान्यात जहाजं किलोवर विकतात.
तिथे परकारांच्या शेडमध्ये
दोन नळ लाकडी ठोकळ्यांवर आडवे ठेवलेत,
एक पांढुरका, एक काळा.
"उचलून बघा," म्हणतात. "आधी हात, मग भाव."

पांढुरका एका हातात येतो.
आईची जर्मनची पातेली आठवतात,
काठाशी चेपलेली, चिंचेनं खाल्लेली,
हलकी म्हणून रोजच्या वापरातली
आणि हलकी म्हणूनच
रागाच्या वेळी भिंतीपर्यंत पोचणारी.

काळ्याला दोन हात लागतात, आणि गुडघा.

बावीस वर्षं मी परळला एक्स-रे काढते.
ॲल्युमिनियम किरणांना फारसं अडवत नाही,
पडद्यावर धुक्यासारखं उमटतं.
पोलाद ठाम पांढरं.
कुणाच्या मांडीतली सळई,
कुणाच्या मनगटातले चार स्क्रू,
एकदा एका पोरानं गिळलेली
सायकलच्या कुलपाची किल्ली.

हे परकारांना सांगत नाही.
त्यांना सांगते मुरबाडच्या पुढचं नदीपात्र,
फेब्रुवारी, पाणी आटलेलं,
आणि कासवाच्या पाठीसारखा एक कातळ
जो मला दिसला होता.
दिसला होता, हे मुद्दाम सांगते.
गाडी त्यावर बसली.
दाराखालचा उंबरा पापडासारखा आत गेला,
दार उघडेना.
पन्नाशीची बाई मी, खिडकीतून उतरले
आणि हेरंबनं, ज्याच्या गाडीला सगळं परदेशी आहे,
आधी फोटो काढला.

परकार हसत नाहीत.
"ॲल्युमिनियम मऊ. कातळाला चावतं.
तुम्हाला वाटतं सरकेल, ते धरून बसतं.
पोलाद सरकतं. रंग जाईल, गाडी पुढे जाईल."
मग लगेच आपल्याच मालाविरुद्ध बोलतात:
"पण दोन्ही बाजूंचे मिळून सत्तर किलो.
एक अख्खा माणूस, जो डिझेलचे पैसे देत नाही.
वर ही बंदराची हवा. दरवर्षी घासा, रंगवा,
नाहीतर आतून पोखरते."
"आणि त्या दुसऱ्याला?"
"त्याला गंज नाही. पण गाडीचा सांगाडा लोखंडी,
बोल्ट लोखंडी. तिथे पांढरी भुकटी धरते, चुन्यासारखी.
दोन धातू शेजारी, मध्ये खारी हवा.
संसारच म्हणा."

बाहेर कुणीतरी जहाजाची शिडी कापतंय.
ठिणग्या चिखलात पडून विझतात,
चुर्र, चुर्र, जणू कुणी फोडणी देतंय.

"मोडलं तर?"
"पोलाद वाकतं. धसईत ट्रॅक्टर जोडणारा पोरगाही
ठोकून सरळ करील.
ॲल्युमिनियम तडकतं. त्याला जोडणारा हात
तुम्हाला तिकडे रानात कुठला मिळणार?"

मी सत्तर किलोंचाच विचार करत असते.
सत्तर किलो मी रोज हलवते,
स्ट्रेचरवरून टेबलावर,
चादरीची टोकं धरून चौघं, एक, दोन, तीन.
नवीन पोरं उचलायला जातात आणि कंबर धरून बसतात.
मी त्यांना सांगते, उचलायचं नसतं रे,
सरकवायचं.
रुग्ण कण्हतो, पण पोचतो.

पाच हजार आगाऊ देते.
परकार काळ्या नळावर खडूनं नाव लिहितात,
वृषालीचं रुशाली करतात.
"रंग कुठला मारू?"
"काळाच. लवकर निघेल असा."
आता मात्र ते हसतात.

रात्री हाताला अजून लोखंडाचा वास,
साबणानं न गेलेला.
दूध तापवायला पातेलं काढलं,
एका हातानं, अर्थात,
काठाचा चेप नेहमीप्रमाणे भिंतीकडे करून.